सहीमागची जबाबदारी : वास्तुविशारद, अभियंता आणि इमारतींची सुरक्षितता

ठाण्यात कापूरबावडीकडून जुन्या भिवंडी रस्त्याने कशेळीच्या पुलाकडे निघाले की बाळकुम लागते. खाडीच्या अंगाला असलेले हे जुने गाव आज ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत असून गेल्या काही वर्षांत त्याच्या सभोवती तीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. १० सप्टेंबर २०२३ रोजी, रविवारी सायंकाळी, येथील एका नव्या चाळीस मजली इमारतीत गच्चीवरील जलरोधनाचे काम आटोपून कामगार खाली उतरत होते. बांधकामासाठी बसविलेली लिफ्ट वरून थेट तळघरापर्यंत कोसळली आणि सात कामगारांचा मृत्यू झाला. लिफ्टचा आधारदोर तुटल्याचे त्या वेळी प्राथमिक माहितीत सांगण्यात आले होते.

या दुर्घटनेत इमारतीला तडा गेला नव्हता. कॉलम, बीम, स्लॅब सारे जागच्या जागी होते, तरीही सात माणसे प्राणास मुकली. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इमारतीची सुरक्षितता म्हणजे केवळ नकाशाची मंजुरी किंवा सिमेंट-लोखंडाची मजबुती नव्हे. जमीन निवडण्यापासून जुनी इमारत रिकामी करण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी जाणकाराने पाहणी करून ‘हे सुरक्षित आहे’ असे लेखी सांगावयाचे असते. त्या लेखी शब्दावर विसंबून बाकीचे लोक तेथे काम करतात, राहतात, मुलांना शाळेत पाठवितात. ही सही कोणाची, ती करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला आणि ती खोटी ठरल्यास त्याला कोण जाब विचारणार, हे तीन प्रश्न इमारतींच्या नियमनाच्या मुळाशी आहेत.

एका इमारतीमागे किती हात?

सर्वसाधारण समज असा असतो की इमारत ‘आर्किटेक्ट’ बांधतो आणि ती पडली की दोष त्याचा. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. वास्तुविशारद इमारतीची मांडणी ठरवितो. खोल्या, जिने, हवा-उजेड, आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग, शेजारच्या हद्दीपासून सोडावयाचे अंतर हे त्याचे क्षेत्र होय. इमारतीचे वजन कोणत्या कॉलमने किती पेलावयाचे, पाया किती खोल असावा, सळई किती जाडीची व किती अंतरावर बांधावी हे संरचना अभियंता म्हणजेच स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवितो. पायाखालची माती वा खडक किती भार सोसेल हे माती परीक्षण करणारा तज्ज्ञ सांगतो. कागदावरचे काम जागेवर तसेच उतरते की नाही हे पाहणे ही पर्यवेक्षकाची जबाबदारी. प्रत्यक्ष काम ठेकेदार, मुकादम, गवंडी, सेंटरिंगवाले व बिगारी करतात. पैसा व निर्णय विकासकाचा किंवा मालकाचा असतो आणि परवानगी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे शहरात महानगरपालिका किंवा नगरपरिषदेची, असते.

ही साखळी कायद्यानेही मान्य केलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये परवानगीशिवाय विकास करता येत नाही. राज्यात २०२० च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता व पर्यवेक्षक यांची अर्हता आणि कर्तव्ये स्वतंत्रपणे नमूद आहेत. काम सुरू करण्यापूर्वी प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्यापर्यंत काम आल्यावर जोता तपासणी, काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असा हा क्रम आहे. प्रत्येक पायरीवर कोणी तरी नावानिशी सही करतो. इमारत राहण्यास योग्य आहे हे भोगवटा प्रमाणपत्राने ठरते, घराची चावी हातात आल्याने नव्हे.

१९७२ चा कायदा काय सांगतो?

वास्तुविशारदांचा व्यवसाय आपल्याकडे मुंबईतच प्रथम संघटित झाला. सर ज. जी. कलाशाळेच्या परिसरात शिकलेल्यांनी सुरू केलेल्या संघटनेतून १९२९ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही संस्था आकारास आली. परंतु ती व्यावसायिकांची स्वतःची संस्था होती. जनतेच्या वतीने व्यवसायावर लक्ष ठेवणारी वैधानिक यंत्रणा त्यानंतर चार दशकांनी आली. संसदेने १९७२ साली वास्तुविशारदांविषयीचा अधिनियम संमत केला आणि १ सप्टेंबर १९७२ पासून तो अमलात आला. त्यानुसार स्थापन झालेली परिषद मान्यताप्राप्त पदवीधारकांची नोंदणी करते, वास्तुविद्येच्या शिक्षणाचा किमान दर्जा ठरविते आणि व्यावसायिक वर्तनाचे नियम घालून देते.

वर्तनाचे हे नियम १९८९ साली करण्यात आले. ठेकेदाराकडून किंवा माल पुरविणाऱ्याकडून वास्तुविशारदाने सूट, भेट अथवा दलाली घेता कामा नये, हा त्यातील एक नियम. त्याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. ज्याच्या कामावर देखरेख करावयाची त्याच्याकडूनच पैसा घेतला तर देखरेखीला अर्थ उरत नाही. नियमभंग सिद्ध झाल्यास परिषद समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी व्यवसाय करण्यास मनाई करू शकते किंवा नोंदणीपुस्तकातून नाव काढू शकते. एखाद्या नागरिकाला, शासनाला वा संस्थेला तक्रार करावयाची झाल्यास ही वाट खुली आहे. तिची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

नोंदणी झालेल्या वास्तुविशारदाचा क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यात नोंदणीचे वर्ष असते. हा क्रमांक त्याच्या पत्रांवर व नकाशांवर पाहता येतो आणि परिषदेच्या नोंदीशी ताडून घेता येतो. नोंदणी चालू आहे की खंडित झाली आहे, हेही त्यातून कळते.

नावाला संरक्षण, कामाला नाही

या कायद्याची एक मर्यादा मात्र नीट समजून घेतली पाहिजे. त्याच्या ३७ व्या कलमाने नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावण्यास मनाई केली आहे. इमारतीचा आराखडा करणे किंवा कामावर देखरेख ठेवणे या कामांची मनाई त्या कलमात नाही. नोएडा येथील प्राधिकरणाच्या एका पदाबाबत उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी हाच अर्थ स्पष्ट केला. उपाधी नोंदणीकृतांसाठी राखीव आहे, सबब नोंदणी नसलेल्या कर्मचाऱ्याच्या पदाच्या नावात ती वापरता येणार नाही. आराखड्याचे काम मात्र इतरांना करता येईल, असे न्यायालयाने म्हटले. उपाधीच्या गैरवापरासाठी १९७२ च्या मूळ कायद्यात पहिल्या अपराधास ५०० रुपयांपर्यंत दंड ठरविण्यात आला होता. त्या काळीही ही रक्कम एखाद्या इमारतीच्या खर्चापुढे नगण्यच होती.

संसदेने असे का केले असावे, याचे उत्तर आपल्या गावांकडे पाहिल्यास मिळते. देशातील बहुसंख्य घरे गवंडी, सुतार आणि अभियंते यांच्याच हातून उभी राहत आली आहेत. त्या सर्वांचे काम एका फटक्यात बेकायदा ठरविणे शक्य नव्हते व इष्टही नव्हते. परंतु त्यामुळे एक पोकळी राहते. उपाधीचे नियमन म्हणजे सुरक्षिततेचे नियमन नव्हे. सुरक्षितता साधावयाची तर कोणत्या इमारतीसाठी कोणाची सही लागेल, हे स्थानिक परवानगीच्या नियमांतूनच ठरवावे लागते.

दुसरी पोकळी त्याहून मोठी आहे. इमारत उभी राहते ती संरचना अभियंत्याच्या हिशेबावर. तथापि अभियंत्यांच्या नोंदणीसाठी वास्तुविशारदांसारखा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. गुजरात राज्याने २००६ साली स्थापत्य अभियंत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात संरचना अभियंत्याला परवाना मिळतो तो स्थानिक प्राधिकरणाकडून, नियमावलीतील शिक्षण व अनुभवाच्या अटींवर. तेव्हा हा परवाना देणारा, त्याचे नूतनीकरण करणारा आणि चुकल्यास तो रद्द करणारा महापालिकेतील अधिकारीच येथे लोकांच्या वतीने पहारेकरी असतो. एका शहराने परवाना रद्द केलेला अभियंता शेजारच्या शहरात सही करीत नाही ना, हे पाहण्यासाठी प्राधिकरणांनी एकमेकांना कळविण्याची शिस्त पाळणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. ब्रिटनमध्येही १९९७ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या उपाधीलाच संरक्षण आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीस आग लागून ७२ जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीच्या वेळी बाहेरून बसविलेल्या ज्वलनशील आच्छादनामुळे ती आग झपाट्याने पसरली होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने सामान तयार करणारे, ठेकेदार व शासकीय यंत्रणा यांच्याबरोबर वास्तुविशारद संस्थेवरही जबाबदारीचा मोठा वाटा ठेवला. दरम्यान तेथे २०२२ साली इमारत सुरक्षा कायदा करण्यात आला. उंच निवासी इमारतीसाठी जबाबदार व्यक्ती निश्चित असावी आणि वास्तुविशारदाचे ज्ञान अद्ययावत आहे की नाही हे नोंदणी मंडळाने वेळोवेळी पाहावे, अशी व्यवस्था त्यातून आली. एकदा मिळालेली पदवी जन्मभर पुरत नाही, हा धडा त्या समाजाने ७२ माणसे गमावून घेतला.

जेथे सहीच नव्हती

साखळी कशी तुटते याची उदाहरणे ठाणे जिल्ह्यातच आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली एक इमारत कोसळली आणि ७४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनेक लहान मुले होती. सात मजले उभे झाले होते, आठव्याचे काम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहावयास आलीही होती. इमारतीस परवानगी नव्हती. मजल्यावर मजला काही महिन्यांतच चढविण्यात आला होता. या प्रकरणी बांधणाऱ्यांबरोबर महापालिका व पोलीस दलातील काही जणांनाही अटक झाली होती. उघड्यावर उभी राहणारी सात मजली इमारत दिसत नाही असे होत नाही, हे त्या कारवाईमागील साधे कारण होय.

घाईने बांधलेली इमारत का पडते, हे समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. काँक्रीट ओतल्याबरोबर मजबूत होत नाही. सिमेंट व पाणी यांची रासायनिक क्रिया अनेक दिवस चालते आणि तोवर ते ओले ठेवावे लागते. काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक ४५६ यात साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस पाणी मारण्यास सांगितले आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालील टेकू सात दिवसांच्या आत आणि त्याहून लांब स्लॅबखालील टेकू चौदा दिवसांच्या आत काढू नयेत, सहा मीटरपेक्षा लांब बीमखालील टेकू एकवीस दिवस ठेवावेत, असेही त्यात नमूद आहे. काँक्रीटचा दर्जा १५० मिलिमीटरच्या ठोकळ्यांवर २८ दिवसांनी तपासला जातो. खालच्या कच्च्या स्लॅबवर वरच्या मजल्याचा भार टाकला, खालचे टेकू काढून वर नेले, मिश्रण सैल व्हावे म्हणून त्यात जादा पाणी ओतले, तर आराखडा कितीही चांगला असला तरी तो कागदावरच राहतो.

खाडीकाठी आणखी एक धोका असतो. खारट दमट हवेने काँक्रीटमधील लोखंड गंजते. गंजलेली सळई फुगते, आतून काँक्रीट फोडते आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून सागरी हवेचा थेट मारा असलेल्या ठिकाणी तेच मानक ३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण मागते. सौम्य हवामानात २० दर्जा व २० मिलिमीटर आवरण चालते. बाळकुम, कळवा, मुंब्रा, डोंबिवलीचा खाडीपट्टा येथे बांधकाम करताना हवामानाचा कोणता वर्ग धरला, हा प्रश्न मालकाने संरचना अभियंत्यास आवर्जून विचारावा.

जेथे कागदच खोटा होता

कल्याण-डोंबिवलीत याहून निराळा प्रकार घडला. तेथील ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या आणि त्यांच्या आधारे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे, प्रकल्पांची नोंदणीही करण्यात आली. खरेदीदारांनी महारेराचा क्रमांक पाहिला, बँकांचे कर्ज घेतले आणि घरे घेतली. हे प्रकरण जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे नेणारे गृहस्थ स्वतः व्यवसायाने वास्तुविशारद होते, ही बाब येथे नमूद करण्याजोगी आहे. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली हजारो कुटुंबे त्यामुळे संकटात सापडली.

या प्रकरणात कागद सगळे होते, त्यांची खातरजमा मात्र झालेली नव्हती. एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाच्या शिक्क्यावर विसंबून नोंद केली आणि नागरिक त्या नोंदीवर विसंबला. २०२३ मध्ये महारेराने नियोजन प्राधिकरणाकडून प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा झाल्यावरच नोंदणी देण्याचे धोरण स्वीकारले. महापालिकांनी दिलेल्या परवानग्या आपल्या संकेतस्थळावर तत्परतेने प्रसिद्ध केल्या तर कोणत्याही खरेदीदारास त्या पाहता येतील. परवानगी लोकांपुढे उघडी ठेवणे हा बनावट कागदावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

घरपट्टीबाबतचा गैरसमजही येथेच दूर केला पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील २६७-अ या कलमानुसार अनधिकृत इमारतीवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते. मात्र कर किंवा शास्ती भरल्याने ती इमारत अधिकृत ठरत नाही. घरपट्टीची पावती, विजेचे देयक व पाण्याची जोडणी यांपैकी कशानेही इमारत सुरक्षित असल्याचे सिद्ध होत नाही.

स्थावर संपदा कायद्याने खरेदीदारास एक महत्त्वाचा हक्क दिला आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या संरचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष आढळल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा आहे. त्यासाठी दोषाची लेखी तक्रार वेळीच करणे आवश्यक आहे.

वय झालेल्या इमारती

२०१५ च्या जुलै अखेरीस ठाकुर्ली येथे आणि ऑगस्टच्या प्रारंभी ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती कोसळून जीवितहानी झाली. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीत १९८४ साली बांधलेली इमारत पहाटे कोसळून सुमारे चाळीस जणांचा मृत्यू झाला. पावसाळा आला की अशा बातम्या येतात आणि पावसाळ्याबरोबर त्या विसरल्याही जातात.

कायद्यात याची तरतूद आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या २६५-अ कलमानुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी मालकाने किंवा भोगवटादाराने महापालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावयाची असते. तपासणीनंतर इमारतींची चार वर्गांत विभागणी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडावयाची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येण्याजोगी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तपासणी म्हणजे नुसते भिंतीकडे पाहणे नव्हे. हातोडीसारख्या उपकरणाने काँक्रीटचा टणकपणा अजमावणे, ध्वनिलहरींनी आतील पोकळ्या शोधणे, काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत दाबणे, सळईचा गंज मोजणे अशा चाचण्या आवश्यकतेप्रमाणे कराव्या लागतात. अहवालात चाचण्यांचे आकडे नसतील तर रहिवाशांनी ते मागावेत.

वय हाच एकमेव निकष मानणेही चूक ठरेल. पालघर जिल्ह्यात विरार येथे ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळून १७ जणांचा बळी घेणारी इमारत तीस वर्षांची नव्हती. ती अनधिकृत होती. ज्या इमारतीच्या जन्माचीच नोंद नाही तिची तीस वर्षे मोजणार कोण? सबब अनधिकृत इमारतींची तपासणी वयाची वाट न पाहता व्हावयास हवी.

नोटीस मिळूनही लोक धोकादायक इमारत का सोडीत नाहीत, याचाही सहानुभूतीने विचार झाला पाहिजे. घर रिकामे केले की हक्क जाईल, पुनर्विकास रेंगाळेल, भाड्याचे घर परवडणार नाही, मुलांची शाळा दूर पडेल, ही भीती निराधार नसते. तपासणीचा अहवाल पुनर्विकासासाठी मुद्दाम गंभीर केला असावा, असा संशयही कधी व्यक्त होतो. म्हणूनच अभियंत्याच्या सहीची विश्वासार्हता येथे निर्णायक ठरते. रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक भोगवटादाराच्या जागेचे मोजमाप करून त्याची लेखी नोंद देणे आणि तात्पुरत्या निवाऱ्याची सोय दाखविणे, ही कामे अधिकाऱ्यांनी नोटिशीबरोबरच केली तर विरोध बराचसा मावळतो.

बांधणाऱ्यांची सुरक्षितता

बाळकुमची दुर्घटना या साखळीतील एका दुर्लक्षित दुव्याकडे लक्ष वेधते. रहिवाशांच्या कायमच्या लिफ्टसाठी आपल्याकडे १९३९ पासून कायदा होता आणि २०१७ साली विधिमंडळाने त्याच्या जागी नवा अधिनियम संमत केला. बांधकामावरील मालवाहू किंवा कामगारांच्या लिफ्टचा विषय कामगार सुरक्षिततेच्या कायद्यात येतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता, २०२० त्याच्या जागी आली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी कर्तव्य तेच राहते. उचल यंत्राची, त्याच्या दोराची व ब्रेकची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने चाचणी व्हावी, तिची नोंद जागेवर ठेवावी आणि किती माणसे वा किती भार चालेल हे कामगारांना वाचता येईल अशा भाषेत लिहावे.

अशा बांधकामांवर परप्रांतांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. त्यांना कोणत्या यंत्राची तपासणी कधी झाली, हे विचारण्याची सवयही नसते व बळही नसते. वास्तुविशारद किंवा संरचना अभियंता जागेवर येतो तेव्हा त्याची नजर केवळ सळईच्या अंतरावर न राहता पराती, कठडे, जाळ्या आणि लिफ्ट यांवरूनही फिरली पाहिजे. धोका दिसल्यास तो जागेवरील नोंदवहीत लिहून काम थांबविण्याची सूचना देणे, हा त्याच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल?

हे सारे शहरांचे प्रश्न आहेत, असे ग्रामपंचायत सदस्यांना वाटण्याचा संभव आहे. बाळकुमही एके काळी गावच होते. कल्याण-डोंबिवली महापालिकेत १ जून २०१५ रोजी २७ गावे समाविष्ट झाली. शहर गावापर्यंत पोहोचते तेव्हा नियमांच्या आधी इमारती पोहोचतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. दुसरे असे की शासनाने २०२१ मध्ये ग्रामीण भागात ३०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फुटांच्या, भूखंडावरील बांधकामासाठी नगररचनाकाराच्या परवानगीची अट काढली. लोकांचे हेलपाटे वाचावेत हा त्यामागील हेतू स्वागतार्ह आहे. पण त्याचा अर्थ असा की नकाशा नियमांनुसार असल्याचे वास्तुविशारदाने किंवा परवानाधारक अभियंत्याने दिलेले प्रमाणपत्र हाच आता मुख्य आधार उरतो. शासनाची तपासणी जेवढी कमी होते तेवढे सहीचे वजन वाढते. ते प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव, नोंदणी किंवा परवाना क्रमांक आणि त्याची वैधता ग्रामसेवकाने व सदस्यांनी पडताळून पाहिली पाहिजे. कोऱ्या नकाशावर ठरावीक रकमेत सही देणारा गृहस्थ प्रत्येक तालुक्यात लोकांना ठाऊक असतो. त्याचा कागद स्वीकारणे थांबले की तो प्रकारही थांबेल.

ज्या इमारतीबाबत ग्रामपंचायत स्वतः मालक किंवा व्यवस्थापक असते, तेथे जबाबदारी अधिक आहे. शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर, पाण्याची टाकी यांचा त्यात समावेश होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये नगरजवळ निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून विद्यार्थ्यांचे प्राण गेले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेची इमारत पडून सात मुले दगावली. छत बहुधा आधी इशारा देते. स्लॅबच्या खालून पापुद्रे व खडे पडणे, सळईच्या रेषेत लांब भेग जाणे, गंजाचे तांबूस डाग उमटणे, दार-खिडकी अचानक घट्ट बसणे, कॉलमला उभी चीर पडणे, पावसानंतर छताला फुगवटा येणे ही लक्षणे शिक्षकांच्या रोज नजरेस पडतात. ती दिसताच मुलांना त्या खोलीतून बाहेर काढावे, तारीख घालून लेखी अहवाल द्यावा व त्याची पोच घ्यावी. अहवाल मिळाल्यावर अभियंत्याची पाहणी होईपर्यंत ती खोली कुलूपबंद ठेवण्याचा ठराव ग्रामपंचायत करू शकते. वर्ग झाडाखाली किंवा मंदिराच्या ओसरीवर भरला तर शिक्षणाचे फारसे बिघडत नाही. भेगांवर गिलावा मारून रंग देणे हा मात्र उपाय नव्हे. त्यामुळे लक्षण झाकले जाते, रोग तसाच राहतो.

ठाणे व परिसर २००२ च्या भूकंप नकाशात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, पट्ट्यात दर्शविला होता. अशा पट्ट्यात तळमजल्यावर वाहनांसाठी किंवा दुकानांसाठी भिंती काढून टाकणे, कॉलम तासणे, गच्चीवर जादा टाक्या व खोल्या चढविणे धोक्याचे असते. घरात फेरफार करताना रहिवासी फरशीवाल्याला विचारतात, अभियंत्याला विचारीत नाहीत. गृहनिर्माण संस्थांनी अशा प्रत्येक कामाआधी संरचना अभियंत्याचे लेखी मत घेण्याचा ठराव करून ठेवणे हिताचे ठरेल.

वास्तुविशारद आणि अभियंते यांच्या नियमनाचा हेतू त्यांच्यावर अविश्वास दाखविणे हा नाही. प्रामाणिकपणे काम करणारा व्यावसायिक जेव्हा विकासकाला ‘येथे सही करणार नाही’ असे सांगतो, तेव्हा कायदा, परिषद आणि परवानगी देणारा अधिकारी त्याच्या पाठीशी उभा असला पाहिजे. त्याने नाकारलेली सही दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून मिळत असेल तर सचोटीचा तोटाच होतो. म्हणून कार्यालयात आलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर टिपणी लिहिण्यापूर्वी अधिकाऱ्याने सही करणाऱ्याचा क्रमांक ताडून पाहावा, पंचायत सदस्याने त्याचे नाव विचारावे आणि शिक्षकाने आपल्या वर्गाच्या छताकडे पाहून वेळीच लिहावे. या कामांस फारसा खर्च येत नाही. ती नियमाने होऊ लागली तर इमारतीच्या कागदपत्रांवरील सहीला लोकांच्या जिवाची हमी म्हणता येईल.